बाल्सा, फेविक्विक आणि आम्ही दोघं

लग्नाच्या सहाव्या वाढदिवसाला लोक पॅरिसला जातात, व्हेनिसला जातात. आम्ही गेलो अशा हॉटेलात, जिथे पाहुण्यांच्या गप्पा ‘तुमच्या विमानाचे पंख किती लांब?’ इथून सुरू होतात. हसू नका, असं हॉटेल खरंच आहे! ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात, द्राउ नदीच्या खोऱ्यात बर्ग इम द्राउताल नावाचं गाव आहे. तिथलं ग्लोक्नरहोफ. रिमोटवर उडणारी छोटी विमानं हा ज्यांचा छंद (घरच्यांच्या भाषेत वेड!) त्यांच्यासाठी इथे उडवायला मैदान आहे, डोंगरउतार आहे, शिकवायला शिक्षक आहेत आणि मोडलेलं जोडायला वर्कशॉपही.

आम्ही म्युनिकला राहतो. म्हणजे नोकरी माझी. नवरोबा पुण्यातली टीम लीडची खुर्ची सोडून माझ्यामागे आला. ‘सहा महिन्यांत जर्मन शिकतो, जॉब मिळेलच,’ म्हणाला होता. त्याला दीड वर्ष झालं. जर्मनच्या परीक्षा झाल्या, इंटरव्ह्यू होतात, नोकरी काही होत नाही. मग शाळेत एनसीसीच्या एअर विंगमध्ये लागलेला छंद वर आला आणि आमच्या डायनिंग टेबलवर तीन मीटर पंखांचं ग्लायडर आकार घेऊ लागलं. आम्ही जेवायचो सोफ्यावर, आणि मिठाच्या बरणीतसुद्धा बाल्सा लाकडाचा भुसा!

निघायच्या आदल्या रात्री मी बोलून गेले, ‘माझ्या पगारातून अजून किती विमानं उडणार आहेत रे?’ तो काहीच बोलला नाही. पंख सुटे करून बबल-रॅपमध्ये गुंडाळत राहिला. साल्झबुर्गमार्गे श्पिताल आणि तिथून लोकल. एवढ्या प्रवासात आम्ही फक्त प्लॅटफॉर्मचे नंबर बोललो.

हॉटेलात मात्र वेगळंच जग. शेजारच्या टेबलवर वारा, बॅटरी, मोटर. बॅटऱ्या म्हणजे लिथियम-पॉलिमर. एक सेल भरला की ४.२ व्होल्ट. चार्जिंग आग न लागणाऱ्या पिशवीत करायचं आणि तिला एकटं सोडायचं नाही. तान्ह्या बाळासारखं! रात्री जेवायला कासनुडेल्न आले. हा इथला खास पदार्थ: आत चीज, बटाटा आणि पुदिना, आणि कडेला चक्क आपल्या करंजीसारखी मुरड. आईची आठवण आली. नवऱ्याला दाखवावीशी वाटली, पण अबोला होता ना...

दुसऱ्या दिवशी उतारावर गेलो. वारा डोंगराला धडकला की वर चढतो, आणि त्या वर चढणाऱ्या हवेवर ग्लायडर मोटरशिवाय तासन् तास राहू शकतं. नवऱ्याने धावत जाऊन फेकलं आणि ते खरंच राहिलं! पाचेक मिनिटं मीही मान वर करून बघत होते. मग त्याने ते परत आपल्याकडे वळवलं. इथेच गोची असते. विमान तुमच्यापासून दूर जात असताना त्याचं डावं ते तुमचं डावं. तोंड तुमच्याकडे झालं की सगळं उलटं. त्याची एका क्षणाची गफलत झाली. विमान कलंडलं आणि समोरच्या झाडांत ‘खाड’ असा आवाज आला. आठ महिन्यांचं काम तीन सेकंदांत संपलं.

खरं सांगू? पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. सुटले, असं. मग मी त्याच्याकडे पाहिलं. तो चिडला नव्हता, रडवेलाही नव्हता. नकाराची ईमेल वाचून लॅपटॉप बंद करताना जो चेहरा असतो, तोच. ‘चला, झालं,’ म्हणाला आणि तुकडे गोळा करायला गेला.

रात्री वर्कशॉपमध्ये मी नुसती सोबत म्हणून गेले. एक सत्तरीच्या जर्मन आजी आपलं विमान दुरुस्त करत बसल्या होत्या. आमचा पंख उलटसुलट पाहून म्हणाल्या, हे होईल. बारीक भेगांना सुपरग्लू, म्हणजे आपलं फेविक्विकच. मुख्य जोडाला मात्र सावकाश सुकणारा इपॉक्सी आणि वरून काचेच्या धाग्याचं कापड. पाच मिनिटांत सुकणारा नको, जोड पक्का हवा असेल तर वेळ द्यावा लागतो, असं म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. जोड सरळ राहावा म्हणून कुणीतरी पंख धरून बसायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे मीच!

हात अडकले की माणूस बोलायला लागतो.

‘मी तसं बोलायला नको होतं.’

‘खोटं थोडंच बोललीस?’ मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘इंटरव्ह्यूत विचारतात, दीड वर्ष काय केलंत? सांगण्यासारखं काहीच नसतं गं. हे एक होतं.’

मला राहवलं नाही. ‘ते पडलं तेव्हा मला बरं वाटलं रे.’

‘माहितीय. तुझा चेहरा दिसला मला.’

त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. पण पंख मी सोडला नाही.

सकाळी शिक्षकांनी मलाच मैदानावर उभं केलं. शिकवताना इथे दोन रिमोट एकमेकांना जोडतात. शिक्षकाने बटण दाबून धरलं की विमान शिकणाऱ्याचं. सोडलं की ताबा परत शिक्षकाकडे. माझं विमान दोनदा गवताकडे झेपावलं, दोन्ही वेळा मी किंचाळले आणि त्यांनी ते शांतपणे वर घेतलं. मग लगेच पुन्हा माझ्या हाती दिलं. ते ‘लगेच पुन्हा’ मला लागलं. बँकेचं खातं, घराचा करार, सुट्टीच्या तारखा... दीड वर्ष सगळ्याचा ताबा माझ्याकडे होता. बटण दाबून त्याच्या हाती काही द्यायचं मला सुचलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जोडलेलं ग्लायडर पुन्हा उडालं. दुरुस्त केलेली बाजू जड झाल्याने डावीकडे ओढत होतं. त्याने ट्रिम करून सरळ केलं. या वेळी मी विमानाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त पाहिलं.

नोकरी? नाही, अजून लागलेली नाही. पण आता खातं दोघांच्या नावावर आहे, आणि महिन्याला एक ठरलेली रक्कम त्याची. तिचा हिशोब मी मागत नाही. त्याच्या बायोडेटात शेवटच्या ओळीत ‘छंद’ म्हणून दडवलेलं ग्लायडर आम्ही उचलून पहिल्या पानावर नेलं: डिझाइन, बांधणी, दुरुस्ती, सगळं स्वतः. मागच्या इंटरव्ह्यूत म्हणे तिघेही त्यावरच वीस मिनिटं बोलत होते.

टेबलवर नवीन विमान आलंय. आम्ही अजून सोफ्यावरच जेवतो. मिठाची बरणी मात्र मी घट्ट झाकणाची आणली!