जमिनीच्या पोटातली वही

जयगडची आमची घरे जांभ्या चिऱ्यांची. जमिनीतून काढताना हा दगड मऊ असतो. वारा लागला की कठीण होतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि सड्याखालच्या झऱ्यांना, विहिरींना मिळते. याच जांभ्यात कुठे कुठे बॉक्साइट सापडते. आपल्या जिल्ह्यात दापोली-मंडणगड भागात त्याच्या खाणी निघाल्या.

खाण म्हटली की मुलांना यंत्रे आणि सुरुंग आठवतात. पण त्याआधी तेथे एक माणूस हातोडी आणि वही घेऊन येतो. तो भूवैज्ञानिक. जमिनीत छिद्रे पाडून तो नमुने काढतो. खनिज किती, कोणत्या प्रतीचे, पाणी कोठे, कडा कोठे ढासळेल, हे लिहून देतो. जमिनीच्या पोटातले इतरांना दिसत नाही, म्हणून सगळे त्याच्या वहीवर विसंबतात. मला हा पेशा उत्तरपत्रिका तपासणाऱ्यासारखा वाटतो. सही एकाची, परिणाम शेकडोंवर.

इंडोनेशियात बुसांग येथे भरपूर सोने आहे, असे ब्रे-एक्स या कॅनडातील कंपनीने जाहीर केले होते. खडकाचे लांब गोल नमुने उभे चिरून अर्धा भाग जपून ठेवायचा, ही जुनी रीत. म्हणजे कोणालाही पुन्हा तपासता येते. तेथे मात्र जवळजवळ सगळा नमुना कुटला गेला आणि त्या भुकटीत बाहेरचे सोने मिसळले गेले. १९९७ साली दुसऱ्या कंपनीने शेजारीच छिद्रे पाडली, तेव्हा सोने सापडेना. हजारो लोकांची बचत बुडाली. पुढे २००१ साली कॅनडात नियम झाला की खनिजाच्या अहवालाला पात्र, अनुभवी माणसाचा आधार हवा आणि त्याचे नावही त्यावर हवे.

आपल्या देशातही खाणींना भूवैज्ञानिक नेमावा लागतो. नागपूरचे भारतीय खाण ब्यूरो १९४८ पासून खाणींचे काम पाहते. पण पगार खाणमालक देतो! 'धोका आहे, काम थांबवा' असे त्यालाच लिहून द्यायचे, हे सोपे नाही. जुलै २०२१ मध्ये सिंधुदुर्गातील कळणे येथे खाणीत साठलेले पाणी फुटून चिखल घरांत, बागांत शिरला. खालच्या वस्तीतल्या माणसांनी खाणीचा नकाशा कधी पाहिलेला नसतो.

नववीत हे सांगताना एका मुलीने विचारले, "सर, मालक ऐकत नसेल तर?"

मी म्हटले, "लेखी द्यावे, तारीख घालावी, प्रत स्वतःकडे ठेवावी. तरीही ऐकले नाही, तर सरकारी अधिकाऱ्यांना कळवावे."

"आणि खालच्या गावाला कोण सांगणार?"

त्या दिवशी व्याकरणाचा तास तसाच राहिला.