उन्हाची बेगमी

आमच्या घरी पत्र असे कुणाचे येत नाही. येते ते विजेचे बिल, आणि तेही आबांच्या नावाने. आबांना जाऊन अकरा वर्षे झाली. पण महावितरणच्या दप्तरी ते अजून हयात आहेत. बिल आले की बाबा ते माझ्यापुढे सरकवतात आणि विचारतात, "किती म्हणतंय?" कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. तेव्हा ज्ञानेश्वरी मला कितपत कळते याची चौकशी घरात कुणी करीत नाही. बिल वाचता येते की नाही, एवढीच माझ्या शिक्षणाची परीक्षा!

गेल्या जुलैत बिलावर 261 युनिट होते. एरवी आमचा वापर महिन्याला नव्वदीच्या आसपास. पण आम्ही पेणजवळचे, गणपतीच्या गावचे. बाबा मूर्ती करतात. शाडूची मूर्ती कडक उन्हात ठेवली तर तडकते आणि पावसाळ्याच्या ओलीत ठेवली तर वाळत नाही. तिला सावली हवी आणि वाराही हवा. म्हणून जून ते ऑगस्ट पडवीत चार पंखे आणि दोन मोठे दिवे चालू असतात, कधी कधी रात्रभरसुद्धा. त्यात विजेच्या दराची रचना अशी, की शंभर युनिटांपर्यंत एक भाव आणि त्यापुढच्या प्रत्येक युनिटाला जवळजवळ दुप्पट. बाबांना वाटे, मीटर पळतो आहे. मीटर पळत नव्हता. आम्हीच शंभराची वेस ओलांडत होतो.

त्याच सुमारास एक गृहस्थ चकचकीत कागद घेऊन आले. छपरावर तीन किलोवॉटची सौरयंत्रणा बसवा, सोबत बॅटरी घ्या, बिल शून्य! केंद्र सरकारची सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, हे खरे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे 78 हजारांपर्यंत अनुदान तीत आहे, हेही खरे. पण उरलेली रक्कम कर्जाने काढायची होती, आणि तिचा पहिला हप्ता माझ्या तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून जाणार होता. बाबा सहीला तयार झाले. मी म्हटले, "आठ दिवस थांबा." आयुष्यात प्रथमच मी बाबांना 'थांबा' म्हटले आणि ते थांबले.

वहीची मागची पाने उघडून मी हिशेब मांडला. एक किलोवॉटची पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतात. उन्हाळ्यात थोडी जास्त, भर पावसात जवळजवळ निम्मी. म्हणजे आम्हाला वीज लागते तेव्हाच सूर्य रजेवर! येथे मी अडले. आई शेजारी बसून पापड मोजत होती. ती म्हणाली, "मग आगोटीचं काय करतो आपण? पापड, आंबोशी, सुकी मासळी वैशाखात वाळवतो आणि आषाढात खातो. तुझी वीज साठवता येत नाही का?"

येते! दारी बॅटरी नसली तरी येते. नेट मीटरिंग म्हणतात ते हेच. एप्रिल-मे महिन्यांतली जादा वीज तारेतून बाहेर जाते, ती आपल्या खात्यावर जमा होते आणि पुढच्या महिन्यांत वजा होते. फक्त 31 मार्चला हे खाते मिटते, आणि शिल्लक युनिटांचे मोल तेव्हा फार थोडे मिळते. थंडीतली वीज पावसाळ्यापर्यंत टिकत नाही, उन्हाळ्यातली टिकते. आईच्या आगोटीसारखेच!

दोन किलोवॉटचा हिशेब धरला. एप्रिल-मे मिळून साडेतीनशेच्या आसपास युनिट जमा, आणि जून ते ऑगस्ट मिळून जवळजवळ तेवढीच तूट. जमाखर्च जुळला. तिसरा किलोवॉट आमच्यासाठी नव्हताच. साठ हजारांचे अनुदान वजा जाता उरणारा खर्च पाच-सहा वर्षांत सुटेल, असे गणित निघाले. स्थिर आकार मात्र भरावाच लागेल. 'शून्य' हा शब्द कागदावरच चकचकीत दिसतो.

शिवाय 1 जुलै 2025 पासून नवे मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचपर्यंतच्या विजेवर युनिटमागे ऐंशी पैशांपासून सवलत लागू झाली. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त असे ऐकत होतो. आता सौर वीज वाढली आणि दुपार स्वस्त झाली. निम्मे वाळवण दिवसा उरकायचे ठरवले. मोठी बचत नव्हे. पण महिन्याच्या चहापत्तीची सोय झाली.

हे सारे जुळले आणि गाडी अडली ती आबांपाशी. अर्ज ज्याच्या नावाने वीजजोडणी त्यानेच करायचा! नाव बदलायचे तर वारसांची संमती हवी. वारस दोन: बाबा आणि रोह्याचे काका. आणि दोघांत सहा वर्षे बोलणे नाही. का? तर एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडे होती, आणि एका जुलैच्या बिलात कुणी किती भरायचे यावरून शब्द वाढले. काका बिऱ्हाड घेऊन धाटावच्या कारखान्याजवळ गेले. आमचे घर विजेच्या बिलाने मोडले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

संमतीपत्र घेऊन मीच निघाले. पेणहून मेमू धरली. कासू, नागोठणे मागे पडले आणि रोहे आले. काकांनी पाणी दिले, कागद वाचला आणि कितीतरी वेळ ते नुसते कुंडलिकेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे पाणी कुठून येतं ठाऊक आहे? वर मुळशीला जमिनी गेल्या, 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. तरी धरण झालं. 1927 पासून भिऱ्याची वीज मुंबईला जाते. तुझ्या आजीचं लग्न मात्र कंदिलावर लागलं." तिथेच विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पुन्हा वर चढवून ठेवतात आणि मागणीच्या वेळी खाली सोडतात, हेही त्यांनी सांगितले. डोंगराएवढी बॅटरी!

मी बॅटरीचे विचारले. काका हसले. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर त्यांच्याकडे अठरा रात्री अंधार होता. शेजारच्या बंगल्यावर पॅनेल होती, तरी तिथेही अंधारच. साधी सौरयंत्रणा तारेतली वीज गेली की आपणहून बंद होते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरी आणि तिला जुळणारा इन्व्हर्टर निराळा घ्यावा लागतो. "बिल वाचवायला बॅटरी नको, वादळासाठी हवी. तुम्ही कशासाठी घेताय ते आधी ठरवा," ते म्हणाले.

मग त्यांनी पेन उघडले, पुन्हा मिटले. "सही करतो. पण तुझा बाप का नाही आला?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीत नव्हते. मी कोरा कागद पिशवीत घातला आणि परतीची गाडी धरली.

घरी बाबांना हिशेब सांगितला, भिऱ्याचे सांगितले आणि शेवटी काकांचा प्रश्नही सांगितला. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी मूर्तीवरचा हात काढला नाही. पुढच्या रविवारी मात्र पहाटे उठून त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, आईने पापडांची पुडी बांधून दिली आणि ते स्टेशनकडे चालू लागले. संमतीपत्र खिशात होते. आबांच्या नावाचे शेवटचे बिलही त्यांनी घडी करून बरोबर घेतले होते. ते कशासाठी, हे मी विचारले नाही.

छपरावर अजून पॅनेल चढलेली नाहीत. पण रात्री साडेआठला बाबांचा फोन आला, "आज राहतो इथंच. पंखे बंद कर." मी पडवीतले दिवे मालवले. बाहेर पाऊस होता, आणि कित्येक वर्षांपूर्वीच्या वैशाखातले कसले तरी ऊन घरात परत आल्यासारखे वाटत होते.

— द्वितीय वर्ष, कला