कुकर ३, भांडे १

मामाच्या घरी रात्री एक भटजी यायचा. भटजी हे मामीनं ठेवलेलं नाव. खरा तो विलिस कॉनोव्हर. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकावरून, शॉर्टवेव्हवर, साऱ्या जगाला जॅझ ऐकवणारा. इंग्रजी ज्यांची मायबोली नाही त्यांनाही कळावं म्हणून तो एकेक शब्द सुटा करून इतका सावकाश बोलायचा, की ओटा पुसता पुसता मामी म्हणायची, "आले वाटतं तुमचे भटजी. बसा आता पळी-पंचपात्र घेऊन."

मामा पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून. शिवाजी पार्कला कॅडल रोडकडून आत शिरणाऱ्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास झालेल्या ह्या माणसानं साहेबाशी बोलण्यापुरतं इंग्रजी भटजींकडूनच उचललं होतं. त्यामुळे त्याचं इंग्रजी शुद्ध होतं आणि भयंकर संथ. साहेबाला वाटायचं, माणूस फार विचार करून बोलतो.

शेजारी वैतागायचे. "ही काय किरिस्तावी पिपाणी लावता हो रोज?" मामा शांतपणे विचारायचा, "अलबेला किती वेळा बघितलात?" उत्तर तीनच्या खाली कधी यायचं नाही. मग मामा सुरू व्हायचा. त्यातला ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ. हॉटेलांत रात्री जॅझ वाजवायचा आणि दिवसा सी. रामचंद्रांकडे. "१९५१ साली तुम्ही थिएटरात शिट्ट्या मारल्यात, त्या ह्याच पिपाणीला." शेजारी गप्प व्हायचे. पटायचं की नाही कोण जाणे, पण भगवानदादांचं नाव निघाल्यावर दादरमध्ये वाद घालायची सोय नव्हती.

१९७८ साली निरंजन झवेरींनी मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरवली, धोबी तलावच्या रंगभवनात. मी बारा वर्षांची. "पोरीला रात्रीचं कुठं घेऊन चाललात?" मामीनं विचारलं. "कीर्तनाला," मामा म्हणाला. त्या वर्षी सॉनी रोलिन्स आला होता. सॅक्सोफोनच्या जगातला केवढा मोठा माणूस माझ्यासमोर उभा होता ते मला कळायला पुढे वीस वर्षं लागली. त्या रात्रीचं मला आठवतं ते एवढंच, की वर उघडं आकाश होतं, मामाच्या टेरिलिनच्या शर्टाला आयोडेक्सचा वास येत होता, आणि मी त्याच्या खांद्यावर झोपून गेले. जाग आली तेव्हा त्याची दोन बोटं माझ्या पाठीवर ठेका धरत होती. लोक टाळ्या वाजवत होते. त्याला वाजवता येत नव्हत्या, कारण एक हात माझ्याखाली अडकला होता.

नंतर मस्कतहून कुणीतरी नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर आणला आणि घराची शांतता संपली. संपली म्हणजे सक्तीची झाली. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर जोडायची वायर मामाकडे नव्हती. तो स्टुलावर रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, लाल बटण आणि प्ले एकदम दाबायचा आणि ओठांवर बोट ठेवून बसायचा. एक बाजू संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. दोन खोल्यांच्या घरात, मैदानाच्या इतक्या जवळ, ही अपेक्षाच चुकीची होती. बरोबर सोलो सुरू झाला की कुकर शिट्टी द्यायचा. मामीच्या बांगड्या वाजायच्या. खालून कुणीतरी कुणाला तरी हाक मारायचं. आणि ह्या सगळ्यावर मामाचं "श्श्!", जे बाकी सगळ्यांपेक्षा मोठं असायचं आणि तेवढंच टेपवर स्वच्छ यायचं.

तो कारकून होता. कॅसेटच्या कार्डावर तो दोष नोंदवून ठेवायचा, शाईच्या पेनानं, जावक रजिस्टरच्या अक्षरात. "एलिंग्टन. आवाज बरा. कुकर २." "मंक. कुकर ३, भांडे १." एका कार्डावर नुसतंच आहे : "६ डिसें. मैदान." चैत्यभूमीला आलेली माणसं त्या रात्री मैदानात मुक्कामाला असतात आणि भीमगीतं उशिरापर्यंत चालतात. त्या कॅसेटवर पाचेक मिनिटं अमेरिकन बँड आहे, मग खुट्ट करून रेडिओ बंद झाल्याचा आवाज, आणि पुढची पंचवीस मिनिटं खिडकीतून येणारी ढोलकी आणि एका बाईचा उंच, कणखर आवाज. टेपरेकॉर्डर मामानं चालूच ठेवला होता. त्या कार्डावर दोष एकही नोंदवलेला नाही.

२०१८ च्या एप्रिलमध्ये मी लेकीच्या बाळंतपणाला जर्सी सिटीत होते. बॅगेत आळीव, डिंक आणि वेखंड, अंगात दोन स्वेटर. आपल्याकडे वसंत म्हणजे पंचांगातला शब्द. चैत्र खरा कळतो तो कैरीच्या डाळीत आणि घामात. तिकडे तो डोळ्यांसमोर घडतो. काल काळ्या काड्या होत्या त्या झाडावर आज पान एक नाही आणि फुलंच फुलं, पांढरी, इतकी की झाडाचं काहीतरी चुकलंय असं वाटावं. मी मामाला फोनवर सांगितलं. त्याला झाडांत रस नव्हता. "तिथवर गेलीच आहेस तर कोरोनाला जाऊन ये," तो म्हणाला. तेव्हा ह्या शब्दाचा अर्थ न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला एक मोहल्ला एवढाच होता. तिथे लुई आर्मस्ट्राँगचं घर आहे. "ए ट्रेन पकड," त्यानं वर सांगितलं. भटजींचा कार्यक्रम रोज ज्या धुनेनं सुरू व्हायचा ती एलिंग्टनच्या बँडची, आणि ती ह्या ए गाडीवरच केलेली. मी नकाशा बघून म्हटलं, "मामा, तिकडे सात नंबरची जाते." तो जरा हिरमुसला.

नातू झाला, आणि चौथ्या दिवशी मामा गेला. झोपेतच. त्र्याऐंशी वर्षांचा होता; मामी आधीच गेलेली. निघणं शक्य नव्हतं. मावसभावानं भागोजी कीर स्मशानभूमीतून व्हिडिओ कॉल लावला. चित्र थिजत होतं, आवाज येत-जात होता, मध्येच समुद्राचा वारा फोनमध्ये शिरून नुसती खरखर. मला वाटलं, आता कुणीतरी रेडिओचा काटा जरासा डावीकडे सरकवायला हवा. ते काम मामाचं होतं.

पंधरा दिवसांनी मी सात नंबरच्या गाडीत बसले. ही गाडी क्वीन्समध्ये रस्त्याच्या डोक्यावरून धावते. खाली जॅक्सन हाइट्सची साड्यांची दुकानं दिसतात. कोरोनाला उतरून चालत गेले तर साध्या विटांचं दुमजली घर. आर्मस्ट्राँग १९४३ पासून इथे राहिला आणि १९७१ साली इथेच गेला. महाल बांधता आला असता, पण त्यानं गल्ली सोडली नाही. दौऱ्यावरून आला की दाराच्या पायऱ्यांवर बसायचा आणि आजूबाजूची पोरं त्याच्याभोवती जमायची. म्हणजे कट्टा. निवृत्तीनंतर मामाही रोज सहा वाजता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर त्याच एका जागी असायचा, रेन ट्रीखाली. पोरं काही जमायची नाहीत, पण क्रिकेटचा चेंडू आला तर परत फेकायचा.

आत निळंशार स्वयंपाकघर, आरशांनी मढवलेली न्हाणी, सोनेरी नळ. मी हे सगळं मामासाठी पाठ करत होते, आणि मध्येच आठवायचं. मग आर्मस्ट्राँगची अभ्यासिका आली. तिथे मोठे टेपरेकॉर्डर. त्याला टेप करायचा नाद होता. साडेसहाशेच्या वर रिळं त्यानं मागे ठेवली, त्यांच्या खोक्यांवर स्वतः चित्रं कापून चिकटवली. आणि भरलेलं काय, तर गाण्यांच्या जोडीला घर. गप्पा, चेष्टा, बायकोशी बोलणं. मार्गदर्शक मुलीनं भिंतीवरचं एक बटण दाबलं आणि त्या खोलीत तो घोगरा आवाज हसला. बाकीची माणसंही हसली. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. बाहेर पांढऱ्या फुलांचं झाड होतं.

निघताना मी तिला विलिस कॉनोव्हर माहीत आहे का विचारलं. नव्हता. तिची चूक नाही. ते प्रक्षेपण बाहेरच्या जगासाठी होतं, खुद्द अमेरिकेत ते ऐकवायला कायद्यानं मनाई होती. दादरच्या दोन खोल्यांत जो घरचा भटजी होता, तो स्वतःच्या देशात जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हता.

परत आल्यावर कॅसेटी माझ्याकडे आल्या. बुटाच्या दोन खोक्यांत, एकसष्ट. काहींना बुरशी, एकीची फीत ताणून लांबलेली. दादरला असलं काम करणारा एक तरुण मुलगा सापडला. फार गुणी, कॅसेटची फीत पेन्सिलीनं गुंडाळतात हे त्याला माहीत नव्हतं, पण बाकी सगळं येत होतं. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"काकू, मागं खूप डिस्टर्बन्स आहे. कुकर वाजतोय, बांगड्या आहेत, कुणीतरी सारखं श्श् श्श् करतंय. सगळं साफ करून देतो. ट्रम्पेट एकदम क्लीन येईल."

"कुकर राहू दे," मी म्हटलं. "वाटलं तर ट्रम्पेट काढ."

तो हसला. त्याला ती चेष्टा वाटली. मग म्हणाला, "बरं, श्श् तरी काढू ना?"