वर्गातले बाकीचे

भाऊबिजेला माहेरी गेले, तर भाचीच्या खोलीत कडाक्याचं भांडण चाललेलं. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघी यंदा दहावीला. मला वाटलं, गणिताच्या पेपरावरून काहीतरी असेल. निघाली जपानी प्रेमकथा. कारुहो शिइना यांची 'किमी नि तोदोके' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, तिघींनी इंग्रजी भाषांतरातून वाचली होती आणि तिघींची तोंडं तीन दिशांना होती.

"आत्या, तूच सांग," भाची म्हणाली. "तिला तो आवडतो, त्याला ती आवडते, सगळ्या वर्गाला ते दिसतंय. मग एकमेकांना सांगायला दहा-दहा पुस्तकं कशाला लागतात?"

एका मैत्रिणीच्या मते हा उशीर हीच गोष्टीची गोडी. दुसरीला नायक-नायिकेत रसच नव्हता. तिला त्यातली अफवा पसरवणारी कुरुमी आवडायची, कारण ती निदान लबाड तरी होती. वहिनी आतून ओरडल्या, "प्रिलिम कधी आहे गं?" भांडण तिथेच मिटलं. येताना मी पहिले काही खंड पिशवीत घालून आणले.

पुस्तक हातात घेतलं ते उलटं. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची, म्हणजे आपल्या शेवटच्या पानावर गोष्ट सुरू होते. चार पानं चुकीच्या क्रमाने वाचून झाल्यावर माझ्या ते लक्षात आलं.

गोष्ट साधी आहे. सावाको कुरोनुमा ही काळ्याभोर लांब केसांची, पांढऱ्याफटक चेहऱ्याची, अबोल मुलगी. 'रिंग' या भयपटातल्या सादाको नावाच्या भुतासारखी दिसते म्हणून वर्ग तिला सादाकोच म्हणतो. काहींना तर तेच तिचं खरं नाव वाटतं. तिच्या डोळ्यांत पाहिलं तर काहीतरी वाईट घडतं, अशी वदंता. ती मात्र रोज एक सत्कृत्य करायचं असं ठरवून जगते. कोणालाच नको असलेली कामं आपणहून अंगावर घेते. काझेहाया हा वर्गातला लाडका मुलगा तिच्याशी सहज, नेहमीसारखा बोलतो आणि तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखतो. एवढ्यावर तीस खंड! 'बेस्सात्सु मार्गारेट' या शुएइशाच्या मासिकात ही मालिका २०१७पर्यंत चालली. २००८ साली तिला मुलींसाठीच्या मांगा विभागात पुरस्कार मिळाला, तोही प्रतिस्पर्धी प्रकाशन असलेल्या कोदान्शाचा. जपानी वाचकांनी ही गोष्ट महिन्याला एक प्रकरण अशी, पानाखालच्या 'क्रमशः'वर डोळे लावून वाचली. आमच्या मुलींनी सगळे खंड पंधरा दिवसांत फस्त केले आणि वर म्हणतात, किती लांबवलंय!

तरी भाचीची तक्रार खोटी नव्हती. व्हॅलेंटाइनच्या दिवशी जपानात मुली मुलांना चॉकलेट देतात. सावाको आपल्या हातांनी बनवलेलं चॉकलेट इतरांना देते, पण ज्याला द्यायचं त्यालाच देऊ शकत नाही. ते तिच्याकडेच राहतं. तो दुखावतो आणि पुढे किती पानं दोघं एकमेकांना चुकवत फिरतात. भाचीने या ठिकाणी पुस्तक आपटलं होतं म्हणे. मीही वैतागले. पण रात्री दिवा मालवल्यावर वेगळंच सुचलं. इतरांना दिलेल्या चॉकलेटचा अर्थ 'आभार' एवढाच होता आणि तो तिला परवडणारा होता. त्याला दिलं असतं तर अर्थ झाला असता, 'तू मला आवडतोस', म्हणजेच 'मीही तुला आवडू शकते'. ही दुसरी गोष्ट मानायला तिच्याजवळ आधारच नव्हता. जिच्या डोळ्याला कोणी डोळा भिडवत नाही, तिला कोणाच्या नजरेतलं कौतुक ओळखता येणार कसं?

दरम्यान मी आल्यागेल्याला मत विचारत सुटले होते. भाचीची गँग, तिच्या क्लासमधल्या एक मॅडम, ऑफिसमधली एक तरुण सहकारी. नायक फार गुणी, नायिका फार भोळी, शेवट ओढलेला, शेवटच छान. मतांना तोटा नव्हता. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. प्रत्येकीचं म्हणणं, "मी शाळेत अगदी सावाकोसारखी होते." ऑफिसमधली ती बडबडी मुलगीसुद्धा!

मीही तेच म्हणणार होते. मग हिशोब जुळेना. सगळ्याच जर एकट्या पडलेल्या, तर त्यांना एकटं पाडणारा वर्ग कुठला?

आमच्या वर्गात एक मुलगी होती. तेल चोपडलेले कमरेपर्यंतचे केस, डोळ्यांखाली काळं, आवाज इतका बारीक की हजेरीला 'उपस्थित' म्हणाली तरी बाई पुन्हा विचारायच्या. तिला आम्ही 'हडळ' म्हणायचो. ते नाव कोणी ठेवलं आठवत नाही. मी ठेवलं नव्हतं, एवढं मात्र पक्कं आठवतं. असल्या गोष्टी आपल्याला पक्क्याच आठवतात. विज्ञानाच्या वहीतल्या आकृत्या मी तिच्याकडून काढून घ्यायचे. ती सुबक काढायची. वही परत घेताना मी तिला काय म्हणून हाक मारायचे, हे काही सांगायला नको.

आणि हे सगळं लहानपणी झालं, असंही म्हणायची सोय नाही. याच वर्षी आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "आपली हडळ कुठे असते रे सध्या?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात एक चेहरा माझा आहे.

मी तो पहिला खंड पुन्हा उघडला. या वेळी नायक-नायिकेला सोडून मागची माणसं बघत गेले. सावाकोच्या पाठीमागे कुजबुजणारी मुलं-मुली चौकटीच्या कडेला असतात, काही नुसत्या रेघांत उरकलेली. त्यांना नाव नाही. नाव मिळतं ते पुढे येणाऱ्यांना. आयाने आणि चिझुरु तिच्या मैत्रिणी होतात, त्यांना नाव आहे. अफवा पसरवणाऱ्या कुरुमीलाही आहे, कारण ती निदान समोर येऊन बोलते, हरते आणि बदलते. जिचं नाव सगळ्यांनी पुसलं, तिचं शेवटपर्यंत राहतं. पुसणाऱ्यांचं कुठेच नाही.

पुस्तकं परत द्यायला गेले तेव्हा भाचीने विचारलं, "मग? दहा पुस्तकं जास्त आहेत की नाहीत?"

"आहेत ना. पण ती त्या दोघांच्या खात्यावर मांडू नकोस."

"मग कोणाच्या?"

मी पहिला खंड काढून वर्गाची ती चौकट दाखवली. काझेहाया सहज बोलायला आला, तरी 'हा माझ्याशीच बोलतोय' एवढं पटायलाच सावाकोला किती पानं लागली. एवढ्या वर्षांचं 'सादाको' निघायला तेवढा वेळ जाणारच.

"आत्या, यात तू कोण असतीस?"

मी कडेच्या एका मुलीवर बोट ठेवलं. भाची वाकून बघत राहिली.

"हिला तर चेहराच नाहीये नीट."

"हो ना," मी म्हटलं. "आणि दहाही पुस्तकं तिनेच लांबवलीयेत."