अ‍ॅबिंग्डनची टिकटिक

दोस्तांनो, अष्टकोनी बिल्ला आणि त्यात ‘एमजी’ ही दोन अक्षरं असलेली मोटार तुम्ही रस्त्यावर पाहिली असेल. 2019 पासून या नावाच्या गाड्या आपल्या शेजारी, गुजरातमधल्या हालोलला तयार होतात. पण हे नाव मूळचं कुठलं, ठाऊक आहे? ते बघायला आपल्याला जावं लागेल इंग्लंडमध्ये, थेम्स नदीच्या काठी. चला तर!

ऑक्सफर्डच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर अ‍ॅबिंग्डन हे जुनं गाव आहे. नदीवर दगडी पूल आहे. तो 1416 साली बांधायला घेतला, म्हणजे आपल्याकडे बहमनी सुलतानांचं राज्य होतं तेव्हा! पूल ओलांडून चौकात आलं की काउंटी हॉलची उंच इमारत दिसते. गावाचं संग्रहालय तिथेच आहे. राजघराण्यात काही आनंदाचा प्रसंग असला की गावचे मानकरी हिच्या गच्चीवरून खालच्या गर्दीत चक्क पाव फेकतात! आणि झेलायला ही झुंबड!

या गावाची दुसरी ओळख म्हणजे मोटारी. एमजी म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’. सायकली दुरुस्त करता करता मोटारींच्या धंद्यात शिरलेल्या विल्यम मॉरिस यांचं हे ऑक्सफर्डमधलं गॅरेज. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांना देखणं, चपळ रूप दिलं. पुढे 1929 मध्ये हा कारखाना अ‍ॅबिंग्डनला, एका चामड्याच्या कारखान्याच्या जागेत आला. इथली सर्वात गाजलेली गाडी म्हणजे एमजीबी. 1962 ते 1980 या काळात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. ऑक्टोबर 1980 मध्ये मात्र कारखान्याला टाळं लागलं.

मग त्या गाड्यांचं काय झालं? अहो, त्यातल्या कितीतरी आजही धावतात! त्यातली सर्वात धाकटी गाडीसुद्धा चाळिशी ओलांडलेली. अशा म्हाताऱ्या गाडीची एक नेहमीची तक्रार असते – चालता चालता बंद पडणं.

समजा, तुम्ही अशाच एका एमजीबीमध्ये शेजारच्या सीटवर बसून त्या पुलावर आला आहात. छप्पर उघडं, गार वारा, खाली नदी. आणि अचानक गाडी खोकते, गचके खाते आणि बंद! पूल अरुंद, मागे वाहनांची ही लांब रांग. आता? आधी गाडी ढकलत सुरक्षित जागी न्यायची. निदान नंतर.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. यातलं काय रुसलंय, ते गाडी बंद कशी पडली यावरून बरंचसं कळतं. दिव्याचं बटण बंद करावं तशी खटकन थांबली, तर संशय विजेवर. खोकत, गचके खात थांबली, तर पेट्रोलवर. आपली गाडी खोकली होती, नाही का?

आता कान टवकारा. एमजीबीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि तो असतो गाडीच्या मागच्या भागात. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवायची आणि ऐकायचं. टिकटिकटिक असा भरभर आवाज आला आणि मग मंदावला, तर पेट्रोल पुढे कार्बोरेटरपर्यंत पोचलं. टिकटिक थांबायलाच तयार नाही, तर टाकी रिकामी असेल किंवा नळी कुठेतरी हवा ओढत असेल. आणि आवाजच नाही? मग पंपाला वीज मिळत नाही किंवा पंपच अडकलाय. या पंपात दोन छोटे धातूचे पॉइंट एकमेकांना टेकतात आणि सुटतात. दर वेळी बारीक ठिणगी उडते. वर्षानुवर्षं असं झालं की ते काळे पडतात, जळतात. जुने मालक अशा वेळी पंपावर बुटाच्या टाचेनं हलकीशी थाप मारतात आणि टिकटिक पुन्हा सुरू होते! पण थाप म्हणजे औषध नव्हे बरं. ती फक्त घरापर्यंत पोचवते. घरी गेल्यावर पॉइंट साफ करायचे किंवा बदलायचे. नाहीतर पुढच्या वेळी गाडी भरधाव रस्त्याच्या मधोमध बंद पडली तर?

पंप ठीक असूनही गाडी थांबते? मग टाकीचं झाकण उघडून बघायचं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं गचके खात येतं? दुसरं भोक पाडलं की कशी छान धार लागते! टाकीचंही तसंच. पेट्रोल बाहेर जायचं तर हवा आत यायला हवी. ती वाट बुजली असेल, तर झाकण उघडताच ‘स्स्स’ असा आवाज येतो आणि गाडी सुरू होते. बुजलेली वाट साफ केली की झालं काम!

आणखी एक लबाड दुखणं आहे. गाडी तापली की खटकन बंद पडते आणि अर्ध्या तासानं काहीच झालं नाही अशी सुरू होते. अशा वेळी ठिणगीचा कंडेन्सर तपासतात. गार असताना तो शहाण्यासारखा वागतो, तापला की दगा देतो. तुमच्या आईबाबांना विचारा. जुन्या स्कूटरचे पॉइंट आणि कंडेन्सर त्यांना नक्की आठवतील.

नियम मात्र एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गाडी चालवून बघायची. पंप, कंडेन्सर, नळ्या सगळं एकदम बदललं, तर गाडी सुरू होईल कदाचित, पण दुखणं काय होतं ते कधीच कळणार नाही. खिसा रिकामा होईल तो वेगळाच! (आणि हो, पेट्रोलशी खेळ नको. हे काम मोठ्यांचं. तुमचं काम ऐकायचं.)

बघा, कारखाना बंद होऊन चार दशकं लोटली, पण त्याच्या गाड्या बंद पडल्या नाहीत. कारण बंद पडल्यावर घाईनं हातोडी न उचलता आधी कान देणारी माणसं त्यांना भेटली. कधी अ‍ॅबिंग्डनला गेलात, तर पुलाजवळ उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या एमजीबीपाशी क्षणभर थांबा. मालकानं किल्ली फिरवली की नीट ऐका. येतेय ना टिकटिक?