गेलेल्या तेलाचा हिशेब

शुक्रवार पेठेत चादरींच्या व्यापारात उभे आयुष्य घालवलेल्या शेठजींचा एक नेम घरात सर्वांना ठाऊक होता. रोकड मिळाल्याशिवाय ते अंथरुणाला पाठ टेकीत नसत. चार आण्यांची तूट असली तरी ती कोठे पडली हे सापडेपर्यंत वही मिटत नसे.

त्यांच्या दारात जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असे. याच सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. आपल्या गावच्या माणसाच्या कारखान्यातली गाडी म्हणून शेठजींचा तिच्यावर विशेष लोभ होता. तिच्यातून सहकुटुंब कुंथलगिरीला जायचे ठरले. आदल्या सायंकाळी गाडी तपासताना ब्रेक ऑइलची पातळी खुणेखाली उतरलेली दिसली. पंधरा दिवसांपूर्वीही ती अशीच उतरली होती आणि त्यांनी वरून भर घातली होती. आताही त्यांनी तीच अर्धी बाटली उघडली. तोच नातीने विचारले, "आजोबा, आधी घातलेलं गेलं कुठं?"

शेठजींचा हात थांबला. ब्रेकचे तेल जळून जात नाही. ते बंद नळ्यांतून पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचवते. लायनर झिजतात तशी पातळी थोडी उतरते, पण ती फार सावकाश. पंधरा दिवसांतली तूट म्हणजे गळतीच.

"जाऊन येऊ, मग दाखवू," चिरंजीव म्हणाले. शिदोरी बांधून झाली होती. शेठजींच्या पत्नी वर्षभर या यात्रेची वाट पाहत होत्या. परंतु येताना तुळजापूरचा घाट उतरायचा होता. "उद्या नको, परवा जाऊ," एवढेच बोलून शेठजी आत गेले.

सकाळी मिस्त्री आले. त्यांनी पायडल दाबून धरले. ते हळूहळू खाली बसू लागले. मास्टर सिलिंडर, नळ्यांचे सांधे, रबरी होज सारे कोरडे होते. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू मात्र ओलसर, बुळबुळीत लागली. ड्रम काढताच कारण दिसले. व्हील सिलिंडरमधले रबर वयाने कडक झाले होते आणि झिरपलेल्या तेलाने लायनर भिजले होते.

"हे पुसून चालेल का?" शेठजींनी विचारले.

"नाही शेठ. तेल प्यालेलं लायनर धरत नाही. दोन्ही बाजूंची बदलू, नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल."

दुसरा सिलिंडरही तितकाच जुना, म्हणून तोही बदलला. मग नळ्यांतली हवा काढायची होती. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात झाली. नात पायडलवर बसली. मिस्त्री स्क्रू बंद करीत तेव्हाच ती पाय उचली. एरवी हवा पुन्हा आत शिरली असती. बुडबुडे थांबले तसे पायडल घट्ट झाले.

शेठजींनी उरलेली बाटली पुढे केली. मिस्त्रींनी ती बाजूला ठेवली आणि सीलबंद बाटली फोडली. उघडे राहिलेले हे तेल हवेतला ओलावा शोषते. मग ते लवकर उकळते, आणि घाटात ब्रेक तापले की त्यात वाफ धरून पायडल पोकळ लागते. बंपरवर सांडलेले थेंब त्यांनी लगेच पाण्याने धुतले, कारण ते रंग खातात. शेवटी पायडल जोरात दाबून धरले आणि सारे सांधे पुन्हा बोटाने चाचपले. कोठेही ओल नव्हती.

यात्रा एक दिवस उशिरा, पण निर्विघ्न झाली. परतल्यावर शेठजींनी वहीत खर्च मांडला: दोन सिलिंडर, लायनर, तेल, मजुरी. खाली एक ओळ लिहिली: तेलाची पातळी, वरची खूण. पुढे दर रविवारी त्याखाली एक ओळ वाढत गेली. खूण तीच राहिली.