आवाज नेमका कुठे थांबतो?



आज माझीच एक फजिती सांगतो. गोष्ट गिटारपासून सुरू होते आणि वर्गात येऊन थांबते, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

माझ्या चुलतभावाकडे गिटारला जोडायचं डिस्टॉर्शन पेडल आहे. पायाने दाबायची छोटी धातूची डबी. गिटारची वायर एका बाजूने आत येते, दुसऱ्या बाजूने ॲम्प्लिफायरकडे जाते. दाबलं की स्वच्छ सूर खरबरीत आणि भरदार होतो. त्याचं व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर यायची. रविवारी त्याचा कार्यक्रम होता. "दादा, तू करशील ना?" म्हणाला. डी.एड.ला असल्यापासून मी घरातले रेडिओ उघडत आलोय. लगेच हो म्हटलं.

बटणाखालचा जुना कंट्रोल काढायचा होता. त्याच्या तिन्ही पायांचं कथील एकदम वितळेना. मी सोल्डरिंग आयर्न दाबून धरला आणि चिमट्याने कंट्रोल ओढला. नवा बसवला, डाख दिला, झाकण लावलं, दाबलं. लाल दिवा लागला. आवाज मात्र शून्य!

पुन्हा दाबलं. दिवा गेला आणि गिटारचा साधा आवाज आला. म्हणजे गिटार, वायरी, ॲम्प सगळं ठीक. बिघाड पेडलच्या आत, आणि तो मीच केलेला.

आता माझी घाई बघा. मी ठरवूनच टाकलं की उष्णतेने आयसी जळाला. आयसी बदलला, आवाज नाही. दोन कपॅसिटर बदलले, तरी नाही. प्रत्येक वेळी बोर्ड बिचारा पुन्हा तापत होता. रात्री भावाचा फोन आला, "झालं का रे दादा?" मी "होईल" एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आयर्न हातात घेतलाच नाही. म्हणाले, "गुरुजी, आवाज कुठपर्यंत येतोय ते पाहिलं का?"

पाहिलं नव्हतं.

आधी त्यांनी मल्टिमीटर लावला. बॅटरीचे 9 व्होल्ट आयसीच्या 8 नंबरच्या पायावर पोचत होते. 1 आणि 7 नंबरच्या, म्हणजे आवाज बाहेर पडणाऱ्या पायांवर साधारण निम्मे, 4.5 व्होल्ट होते. या सर्किटमध्ये तसेच असायला हवेत. आयसी ठणठणीत होता.

मग त्यांनी एका वायरच्या टोकाला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. तो बॅटरीचा डीसी अडवतो आणि आवाजाचा सिग्नल पुढे सोडतो. वायरचं दुसरं टोक ॲम्पला, पेडल आणि ॲम्पचे ग्राउंड एकमेकांना, ॲम्पचा आवाज बारीक. मी तार छेडत राहिलो आणि काका एकेका जागी टोक टेकवत गेले. इनपुटला आवाज आहे. आयसीच्या पायावर आहे, तोही खरबरीत. त्यापुढच्या कपॅसिटरवर आहे. व्हॉल्यूम कंट्रोलच्या पायावर... नाही!

भिंगातून पाहिलं तर त्या पायाखालची तांब्याची गोल चकती बोर्डापासून उचकटली होती आणि तिची पट्टी केसाएवढी तुटली होती. मी ओढाताण केली तिथेच. काकांनी कपॅसिटरच्या पायापासून कंट्रोलच्या पायापर्यंत निळ्या वायरचा छोटा तुकडा जोडला. पाच मिनिटांचं काम. वर सांगितलं, "ताजं कथील लावून जुनं पातळ करायचं, दोन-तीन सेकंदांत आयर्न उचलायचा, पाय सुटल्याशिवाय ओढायचं नाही."

घरी येताना डोक्यात पेडल नव्हतं. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा होता.

त्याच्या आईला मी पालकसभेत सांगितलं होतं, "याला भागाकार येत नाही." आणि रोज दहा उदाहरणं घरी दिली होती. आयसी बदलला, कपॅसिटर बदलला, तसंच! हल्ली गणिताच्या तासाला त्याचं पोट दुखायला लागलं होतं. डी.एड.ला निदानात्मक चाचणीवर मी पानंच्या पानं लिहिली होती, मार्कही मिळवले होते. या पोरासाठी एकदाही केली नव्हती.

सोमवारी त्याला शेजारी बसवलं. 804 भागिले 6. म्हटलं, एकेक पायरी मोठ्याने बोल. सहा एके सहा, बरोबर. आठातून सहा गेले दोन, बरोबर. वरचा शून्य खाली घेतला, वीस झाले. सहा त्रिक अठरा, बरोबर! आणि 20 वजा 18 त्याने लिहिलं 18. शून्यातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून शून्य वजा केला होता. 50 वजा 27 दिलं, तर उत्तर 37.

पाढे येत होते. भागाकारही कळत होता. आवाज थांबत होता तो दशक सोडवण्याच्या वजाबाकीत. काड्यांचे गठ्ठे काढले, एक गठ्ठा सोडून दहा सुट्ट्या काड्या करून दाखवल्या. आठवडाभर फक्त तेवढंच घेतलं. शुक्रवारी त्याने 134 उत्तर काढलं. वेळ लागला, पण स्वतः काढलं. त्याच्या आईला भेटून सांगितलं, "ताई, चूक माझी होती."

पेडल शनिवारीच भावाला दिलं होतं. झाकण उघडून त्याने विचारलं, "दादा, ही निळी वायर कसली?" सगळं खरं सांगितलं. तो हसला.

मित्रांनो, तुमच्या वहीतही कुणाच्या तरी नावापुढे 'येत नाही' असं लिहिलेलं असेल. उद्या त्या मुलाला जवळ बसवा, एकेक पायरी बोलायला लावा आणि आवाज नेमका कुठे थांबतो ते ऐका.